काचा लख्ख निघाल्या

चिंचेनं घासलेल्या पितळेला उन्हात एक आंबूस, गार वास येतो. सणाच्या आदल्या दिवशी कुठल्याही गल्लीतून जावं. अंगणाअंगणातून पालथी घातलेली भांडी, त्यांच्यावरून ओघळणारं काळपट पाणी आणि हवेत भरून राहिलेला तो वास. इतरांना त्यातून पाहुणे आठवतात, पुरणाचा घाट आठवतो, माहेर आठवतं. मला मात्र एक भिंत आठवते. नुकताच चुना दिलेली ती भिंत, तिच्यासमोर अंधारात श्वास रोखून बसलेल्या मुली, आणि भिंतीवर पडलेलं एक पांढरंशुभ्र, वाटोळं, रिकामं वर्तुळ!

मी हळव्या मनाची बाई नाही. मला याद्या करायची सवय आहे. दिवसाची कामं मनाशी लावून घेतल्याशिवाय मी चूल पेटवत नाही, आणि झालेल्या कामावर मनातल्या मनात रेघ ओढल्याशिवाय झोपत नाही. यजमान वारले तेव्हा मी परंड्याला माहेरी परतले होते. भावाच्या घरी कोपरा धरून बसण्यापेक्षा आपल्याला काय काय करता येईल याची मी यादी केली. तिच्यात शिकवण्यावाचून फारसं काही उरलं नाही. मग शिकले, उर्दूची परीक्षा दिली आणि निजाम सरकारच्या नोकरीत, लोहाऱ्याकडच्या एका गावी मुलींच्या शाळेवर रुजू झाले. तिथल्या निम्म्या मुली घरात कानडी बोलत, बाजारात मराठी बोलत, आणि पुढं शिकायचं तर उर्दूत शिकावं लागे. तीन दगडांवर चूल मांडावी तसं त्यांचं बोलणं तीन भाषांवर तोललेलं होतं, आणि नवल असं की त्यावर सगळं नीट शिजत असे.

शाळा म्हणजे देवळामागची एक लांबट खोली. फळा होता, तोही मुलांच्या शाळेनं टाकून दिलेला. पण शिकवायला काय लागतं हे ठरवायचं कुणी? चिंचोके होते, त्यांनी बेरीज-वजाबाकी होई. सुगी सरली की मुली ज्वारीची धाटं सोलत. आतलं पांढरं, हलकं भेंड आणि वरच्या सालीच्या चिवट काड्या. भेंडात काड्या खोचून आम्ही त्रिकोण केले, चौकोन केले, तराजू केला. भूगोलाच्या दिवशी अंगणात पाणी शिंपडायचं आणि ओल्या मातीत बोटानं गोदावरी ओढायची, मांजरा ओढायची, तेरणा तिला नेऊन मिळवायची. मुलीच्या बोटाला नदीचं वळण एकदा कळलं की ते जन्मात विसरत नाही.

हे सगळं शिक्षणाचं साहित्य नव्हतं. सरकारी भाषेत साहित्य म्हणजे जे वरच्या कचेरीतून येतं, ज्याला नंबर असतो, जे फुटलं तर जाब द्यावा लागतो. ज्वारीचं धाट बैलानं खाल्लं तर ती वैरण, चुलीत घातलं तर सरपण, आणि माझ्या मुलींच्या हातात आलं तर कचरा. तपासणीच्या आदल्या दिवशी मी स्वतः तो कचरा झाडून बाहेर टाकत असे, कारण मागं एकदा जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी, ज्यांना आम्ही मोहतमीम साहेब म्हणत असू, खोलीत पाय ठेवताच विचारलं होतं, "बाई, ये मदरसा है या गोठा?" माणूस चांगला होता. हसत विचारलं होतं. पण विचारलं होतं.

माझ्या चौथीच्या वर्गात महादेवी होती. तिचे वडील विरूपाक्षप्पा हे गावातले धान्याचे व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं आणि दिलेला शब्द पक्का. महादेवी त्यांच्या अगदी उलट. ती बोले ते सगळं वर्गाला ऐकू जाई. तिला एकच गोष्ट हवी होती, चौथीच्या वरचा वर्ग. आमच्या शाळेत तो नव्हता. चौथी झाली की मुलींचं शिकणं संपे आणि सोयरिकी सुरू होत. मैत्रिणी तिला चिडवत, "तुजं बी ठरलंच म्हन की!" तर ही कमरेवर हात ठेवून सांगे, "तुज्या लग्नात जेवून, हात धुवून, परत शाळंत यीन म्या. बघच तू!"

मी विरूपाक्षप्पांकडं गेले. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली, ताक दिलं आणि सरळ सांगितलं, "बाई, पोरगी हुशार हाय, मला काय दिसत न्हाय व्हय? हितं वरचा वर्ग निघाला तर शिकू द्यू तिला. म्या शब्द देतो. पर परगावी न्हाय धाडायचो. अन् शाळा न्हाय, लगीन न्हाय, अशी घरात बशिवली तर भाईबंद मला जगू द्यायचे न्हाईत. मग लगीनच." मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी फसवलं नाही, लांबवलं नाही. एक दार उघडं ठेवलं आणि ते कुठल्या किल्लीनं उघडं राहील तेही सांगितलं. इतकं तरी किती बाप सांगतात?

म्हणून मी वरच्या वर्गासाठी अर्ज केला. मोहतमीम साहेबांनी उत्तर पाठवलं की शाळा लायक दिसली तर शिफारस करू. आणि लायक दिसण्यासाठी शाळेत काही साहित्य हवं, म्हणून धाराशिवच्या कचेरीतून चित्रांचा कंदील पाठवत आहोत. तो नीट चालवून दाखवावा.

तो बैलगाडीतून, गवतात गुंडाळून आला. पितळेचा, उभट, पुढं भिंगाची नळी; आत रॉकेलचा दिवा, आणि वेगळ्या पेटीत हातानं रंगवलेल्या काचा. दिव्यासमोर काच सरकवली की तिच्यावरचं चित्र मोठं होऊन भिंतीवर उतरणार. गाव लोटलं. गावच्या पंचांत मुख्य होते माली पाटील. शाळेची खोली त्यांच्याच खटपटीनं मिळालेली. त्यांनी स्वतःच्या हातानं गवत बाजूला केलं. मी प्रत्येक काच खिडकीशी धरून पाहिली, यादीशी ताडली आणि पोच दिली. ती दुपार म्हणजे त्या काचांची आणि माझी एकुलती एक भेट. कारण सही वाळते न वाळते तोच पाटलांनी यंत्र उचललं, आपल्या घरच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कनवटीला लावली.

"पाटील, हे वापरायला आलंय," मी म्हणाले.

"वापरू की! साहेबांच्या हातानं सुरू करू, मग रोज वापरा. सरकारी चीज हाय बाई. पोरींच्या हातनं फुटली तर धाराशिवला कोन जाईल, तुम्ही का म्या?"

जमलेले लोक हसले. मीही यादीत पुढच्या कामावर गेले. वर्गात मुलींना सांगितलं, की दिवा लावला म्हणजे भिंतीवर चित्रं उमटतील. त्यांनी माना डोलावल्या. चित्रं काचेवर असतात, हेही मी सांगितलं असेल. पण न पाहिलेल्या वस्तूविषयी सांगितलेल्या शब्दाला पाय कुठं असतात? मुलींच्या मनात चित्रं जाऊन बसली ती त्या चमकत्या पितळी डब्याच्या पोटात. डबा एवढा मोठा, एवढा देखणा. तो काय रिकामा असेल?

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं प्रत्येकजण आपापल्या हत्याराची पूजा करतो. शेतकरी नांगर-कुळव धुतो, सुतार वाकस मांडतो, व्यापारी तराजूला फूल वाहतो. मला हा सण फार समजूतदार वाटतो. वर्षभर ज्यानं हातांना घट्टे पाडले, घामानं ज्याची मूठ काळी पडली, त्या लोखंडाला एक दिवस विश्रांती द्यावी, त्याच्यासमोर वाकावं, यात केवढी कृतज्ञता आहे! पण त्या पूजेच्या आधी वर्षभराचं राबणं असतं. माझ्या शाळेच्या यंत्रानं एक दिवसही काम केलेलं नव्हतं. पाटलांनी त्याची पूजा मांडली ती त्याच्या कामाची नव्हे. ते सरकारातून आलं म्हणून, पितळेचं होतं म्हणून. शाळेच्या खोलीत पाट ठेवून त्यावर ते बसवलं आणि गावातल्या सुवासिनींना बोलावणं गेलं.

मला बोलावणं नव्हतं. विधवेला हळदीकुंकवाच्या जागी कोण बोलावणार? मी घरी बसून पाट्या पुसत होते. त्या काचांवर काय आहे हे सगळ्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस त्या खोलीत अशुभ होतं.

संध्याकाळी महादेवी प्रसादाचं खोबरं घेऊन आली. आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. "बाई, लई शोभलं यंत्र! माज्या अप्पांनी वर भस्माचं तीन पट्टं वढलं. झेंडूची माळ घातली. नंदीवानी दिसाय लागलं!"

"आणि काचा?"

"त्यास्नी बी लावलं की. येकेका काचंला. काचंवर हळदीकुंकू थांबंना, मग तेलात कालवून लावलं. आता न्हाय निघायचं!"

मी तशीच उठून पाटलांच्या घराच्या वाटेला लागले. तेल रंगात मुरण्याआधी काचा पुसायला हव्या होत्या, हळू, मऊ कापडानं. पाटील ओसरीवर पान लावत बसले होते. मी काचा पुसायला कपाटाची किल्ली मागितली. ते म्हणाले, "पूजा झालेली चीज अशी लगेच पुसू नये, बाई. अन् त्यातनं तुम्ही..." एवढं बोलून त्यांनी पान तोंडात घातलं. वाक्य त्यांनी अर्धं ठेवलं. मी ते मनात पुरं केलं आणि परत आले.

दिवाळी झाली. हवेत गारवा आला, तुरीला फुलं आली, आणि मोहतमीम साहेब येत असल्याचा सांगावा आला. यंत्राला रॉकेल हवं होतं. लढाईचे दिवस, रॉकेल चिठ्ठीशिवाय मिळत नव्हतं आणि चिठ्ठी तहसील कचेरीत मिळे. तपासणीच्या आदल्या दिवशी मी गाडी करून गेले. जाताना पाटलांना बजावलं, की मी येईपर्यंत कपाट उघडू नका. काचा मी पुसेन. ते म्हणाले, "बरं बाई." ते मनापासूनच म्हणाले असतील. पण दुपारी त्यांना वाटलं, बाई दमून येईल, साहेब सकाळी दारात, आणि यंत्र तर तेलकट, माखलेलं, त्यावर मुंग्या. त्यांनी मुलींना बोलावलं आणि राख, चिंच, पाणी पुढं ठेवून दिलं. त्यांच्या मनात मला मदत करायची होती. या गावात माझं जे जे नुकसान झालं ते सगळं मदत म्हणूनच झालं.

मी परतले तेव्हा दिवस कलला होता. गाडी वेशीत शिरते तोच महादेवी धावत आली. परकराचा ओचा भिजलेला, बोटं चिंचेनं काळी झालेली. गाडीच्या चाकाबरोबर धावतच तिनं मला सांगितलं, "बाई, काचा लख्ख निघाल्या!"

तिला तसं वाटण्यात काय चुकलं? रोज तिन्हीसांजेला घरातल्या कंदिलाची काच राखेनं पुसून ठेवायची, हे आमच्याकडं मुलींचंच काम. काजळीचा एक ठिपका राहिला तर आई बोलते. ज्या दिव्याची काच स्वच्छ, त्याचा उजेड चांगला, हे तिला चालता यायला लागल्यापासून माहीत होतं. हाही दिवाच होता. त्यालाही काचा होत्या, आणि त्या माखलेल्या होत्या. तिनं सगळ्या काचा स्वतःकडं घेतल्या होत्या. दुसरीच्या हातनं फुटतील म्हणून.

"कुंकू लगेच गेलं," ती सांगत होती, "पर खाली आनि कायबाय लागलं हुतं. हिरवं, निळं. कुनी रंग लावला काय की! ते निघता निघंना. मग चिंच लावून ठिवली अन् राखंनं घासलं. आता एक डाग न्हाय. बघा तर चला!"

मी चालले तिच्याबरोबर. पाहिल्या. दोन्ही बाजूंनी सारख्या निर्मळ. खिडकीशी धरल्या तर आरपार देवळाचा कळस दिसत होता. मुली माझ्या तोंडाकडं पाहत उभ्या होत्या. मी त्यांना शाबास म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पाटलांना मात्र मी बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडं कीव येऊन पाहिलं. "आवो बाई, चित्रं डब्यात असत्यात. काच ती काच. दिवा लावला की समदं दिसंल. तुम्ही उगं जीव काढू नका."

सकाळी साहेब आले. आधी त्यांनी परीक्षा घेतली. महादेवीनं तोंडी हिशेब केले, मराठीत आणि उर्दूत धडा वाचला. आणि मग साहेबांनी नद्या विचारल्या तेव्हा कुणी सांगण्याआधीच ती अंगणात गेली, लोटाभर पाणी ओतलं आणि चिखलात बोटानं सगळं राज्य काढून दाखवलं. साहेब खाली वाकून पाहत राहिले. म्हातारे झाले होते, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "माशा अल्ला! बेटी, ये कृष्णा कहाँ जाती है?" ती म्हणाली, "समुद्राला, जी. पर तिथवर म्या गेली न्हाय." साहेब खळखळून हसले. त्या क्षणी वरचा वर्ग आमच्या उंबऱ्यावर येऊन उभा होता; मला त्याची पावलं ऐकू येत होती.

मग, चालवून दाखवायचा हुकूम होताच, म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावल्या. मी दिवा पेटवला. भिंग सारखं केलं. पहिली काच सरकवली. भिंतीवर पांढरं वर्तुळ पडलं.

मुली ओरडल्या, "चांद! चांद!" आणि टाळ्या वाजवल्या. खरंच तो अंधारात उगवलेल्या चंद्रासारखा दिसत होता. साहेबही हसले, वाट पाहत राहिले. मी दुसरी काच सरकवली. पुन्हा चंद्र. मी तिसरी सरकवली. टाळ्या विरळ झाल्या. मागून पाटलांचा अभिमानाचा आवाज आला, "साहेब, पोरींनी काचा अशा धुतल्यात, डाग म्हनून दिसायचा न्हाय!"

त्या पांढऱ्या उजेडात मला महादेवीचं तोंड दिसत होतं. पहिल्या चंद्राला तिनं सगळ्यांत मोठ्यानं टाळी वाजवली होती. दुसऱ्याला तिचे हात हवेत थांबले. तिसऱ्याला तिनं ते खाली घेतले, उजेडात धरले, आणि आपल्या काळ्या बोटांकडं पाहत राहिली. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. हुशार मुलीला सांगावं लागत नाही, हीच तर तिची शिक्षा.

घोंगड्या काढल्यावर साहेबांनी एक काच उचलली, डोळ्याशी नेली आणि विचारलं, "ये किसने किया?" मी म्हणाले, "आमच्या गावानं." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग छापील कागदावरच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "लड़की होशियार है, बाई. पढ़ाना आपका आला दर्जे का है. मगर पढ़ाई का ख़ाना अलग है, सामान का ख़ाना अलग. इसमें मैं क्या लिखूँ?" मी म्हणाले, "जी, तो अंगणातला चिखल लिहा." त्यांना राग आला नाही. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं, की साहित्य निकामी आहे, शिफारस पुढच्या वर्षी विचारात घ्यावी.

पुढचं वर्ष! कागदावर वर्ष म्हणजे किती लहान गोष्ट. मधे एक रेघ ओढली की संपलं. आणि चौथी पास झालेल्या मुलीच्या आयुष्यात? तिथं वर्षाच्या अलीकडच्या काठावर शाळा असते आणि पलीकडच्या काठावर सासर.

त्यानंतर काही दिवसांनी, शाळा सुटल्यावर, महादेवी मागं राहिली. खडू गोळा करायचं निमित्त केलं. मग खाली पाहूनच विचारलं, "बाई, काय काय हुतं त्या काचांवर?"

मी तिला लपवलं नाही. मला यादी पाठ होती. माझ्या याद्या मला पाठ असतात. वाळवंटातून जाणारे उंट, मी म्हणाले. बर्फाचा डोंगर. रेशमाचा किडा आणि त्याचा कोश. माणसाच्या छातीतलं काळीज. समुद्र आणि त्यावर शिडाचं जहाज. ती एकेकावर मान हलवत होती, जणू हजेरी घेत होती. समुद्रापाशी तिनं मला थांबवलं.

"समुद्राचं पानी निळं हुतं व्हय?"

"हो."

"त्येच," ती म्हणाली, "त्येच लई वेळ निघंना."

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. विरूपाक्षप्पांनी शब्द मोडला नाही. वर्ग निघाला नव्हता, म्हणून लगीन. मैत्रिणींच्या लग्नात जेवून शाळेत येणार म्हणणारी मुलगी त्यांच्या सगळ्यांच्या आधी, आळंदकडं कानडी मुलखात, सासरी गेली.

मी नंतर या गोष्टीचा पुष्कळ विचार केला, आणि माझ्या सवयीप्रमाणं एकेक मुद्दा घेऊन केला. शिक्षणाचं साहित्य कशाला म्हणावं? त्या कंदिलावाचून माझ्या मुलींचं काही अडलं नव्हतं. उंट न पाहता त्या त्रैराशिक शिकल्या असत्या. मला त्या पितळी डब्याकडून चित्रं नको होती. मला फक्त एक सबब हवी होती. साहेबांना लिहायला सबब, पाटलांना मिरवायला सबब, बापाला भाईबंदांच्या तोंडावर सांगायला सबब, की बघा, सरकारानं वर्ग काढलाय, आता मी काय करू! मुलीनं शिकावं यासाठी या जगात तिची हुशारी पुरत नाही, तिची इच्छा तर मोजतच नाहीत. कुठलीतरी चकचकीत, निरुपयोगी, दुरून आलेली वस्तू मधे ठेवावी लागते. आणि तीही आम्हाला सांभाळता आली नाही. कारण ती सांभाळायची म्हणजे वापरायची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. देवाला देव्हाऱ्यात ठेवलेलं चालतं. त्याला रोज शिकवायचं नसतं.

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. शिफारस झाली नाही. लढाईत पैसे नाहीत, असं कळलं. मग निजामी राज्याच्या अखेरचे भीतीचे महिने आले, तेव्हा शाळा बंदच होती. मग राज्य बदललं. आणि एके दिवशी, मी अर्जही केलेला नसताना, वरचा वर्ग सुरू करण्याचा हुकूम आला. साहित्याचं कुणी विचारलं नाही. आहे त्या खोलीत बसा, असं म्हणाले. मी त्याच खोलीत वर्ग बसवला. तोच फळा, तेच चिंचोके. इतकं सोपं होतं! कुणाच्या तरी मनात यायचा काय तो अवकाश होता. कंदील अजून पाटलांच्या कपाटात आहे. दर खंडेनवमीला त्याची पूजा होते, आणि आता त्याला नारळही फुटतो.

यंदा श्रावणात, पंचमीला आलेल्या लेकी परत निघाल्या होत्या तेव्हा, महादेवी वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. कडेवर मूल, डोक्यावर पदर. "बाई, जरा बसू?" तिनं विचारलं. मी मानेनं होय म्हटलं. ती मागच्या ओळीत, मुलींमध्ये थोडी जागा करून बसली आणि झोपलेलं मूल तिनं मांडीवर घेतलं. मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी त्रैराशिकाचं उदाहरण सांगितलं. धान्य, मजूर आणि दिवस. वर्ग बोटं मोजत राहिला. मागून उत्तर आलं. ती उभी राहिली होती, मूल खांद्याशी धरून, शाळेत उभं राहायची रीत असते तशी ताठ. उत्तर बरोबर होतं.

"ह्या कोन?" एका मुलीनं मोठ्यानं विचारलं. "ह्यांचं नाव तर न्हाय आपल्या वर्गात."

महादेवी हसली. "माजं नाव हुतं गं. वर्गच नव्हता."

विरूपाक्षप्पा तिला बोलवायला आले होते. दारातच थांबले होते. त्यांनी उत्तर ऐकलं होतं. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओलं झालं होतं. त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "बाई, हिला अजून येतंय?"

"येतंय," मी म्हणाले.

ते उंबऱ्याकडं पाहत म्हणाले, "चल माय. गाडी जुपली." तिनं मुलाचं डोकं सावरलं, पदर सारखा केला, मला वाकून नमस्कार केला आणि गेली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वेशीकडं लांबत गेला. ती जिथं बसली होती तिथली जमीन थोडा वेळ मोकळी दिसली. मग शेजारची मुलगी सरकली, मांडी पसरून तिथं ऐसपैस बसली आणि माझ्याकडं पाहू लागली. वर्गातली एक जागा भरायला किती थोडा वेळ लागतो!

मी फळा पुसला आणि त्या मुलीला पुढचं उदाहरण घातलं.